एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना शिध्यात काय द्यावं, आणि खाणं शिकवावं तरी कसं?

खाडीपलीकडे
नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यात खाडीकाठी आमचं गाव आहे. तीन वर्षं झाली, आमचा बचत गट आणि देवस्थान समिती मिळून गावातल्या ३४ घरांत दर महिन्याला शिधा पोचवतो. सगळी घरं एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची, बहुतेक सत्तरीच्या पुढची. पोरं मुंबईला, येणं गणपतीला आणि शिमग्याला.

शिध्यात ५ किलो तांदूळ, १ किलो तूरडाळ, १ किलो साखर, १ लिटर तेल, चहापूड आणि बिस्किटांचे सहा पुडे असतात. देणगीदार जे देतात त्यातूनच हे ठरत गेलं, कुणी बसून विचार केलेला नाही. मागच्या महिन्यात उपकेंद्रात तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांना रक्तदाब किंवा साखर निघाली. काहींचं वजन इतकं उतरलेलं की काट्यावर पाहून मलाच धसका बसला.

मग आम्ही आहारावर व्याख्यान ठेवलं. शहरातून एक जण आले. पडद्यावर ताट दाखवलं. त्यात ओट्स, सफरचंद, ब्रोकोली. एक आजी उठून म्हणाली, "माझ्या हातचा खावन चार पोरां मोठी झाली, आता तू माका जेवूक शिकवतस?" आणि चालायला लागली. तिच्या मागून आणखी दहा जणी उठल्या.

नंतर मी घरोघर फिरले आणि चुलीवर काय आहे ते बघितलं. सकाळी चहा-बिस्कीट. दुपारी पेज, सोबत लोणचं नाहीतर खारवलेल्या बांगड्याचा तुकडा. रात्री तीच पेज गरम करून. मूठभर डाळ शिजवायला कुणी तयार नाही. "एकट्यासाठी कुकर लावूचो?" हे वाक्य मी त्या दिवशी निदान पंधरा वेळा ऐकलं असेन.

शिधा बदलायचा आहे हे ठरलंय. पण नुसतं सामान बदलून भागेल का? शिकवायचं कसं? अनुभव असेल तर लिहा.

माजघर
फार महत्त्वाचा धागा. वाचतेय.

तिरफळ
माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. ऐंशीच्या माणसाला खाणं शिकवायचंच कशाला? माझे आजोबा ९१ व्या वर्षी गेले, शेवटपर्यंत सुकट-भाकरी आणि गुळाचा चहा. त्यांना सुखाने हवं ते खाऊ द्यावं. आधी आयुष्यभर कमी खाऊन झिजलेली माणसं, त्यांना परत "हे नको, ते नको".

वेंगुर्लेकरीण
तिरफळ, तुमच्या आजोबांना भाकरी थापून कोण देत होतं? घरात सून होती ना? इथे प्रश्न एकट्या माणसांचा आहे. सुकट-भाकरी मिळाली असती तर खाडीपलीकडे यांनी धागाच काढला नसता. मिळतेय ती पेज आणि बिस्कीट.

तिरफळ
हे मात्र खरं. आजी होती, काकू होती.

पळीभर
मी आहारतज्ज्ञ आहे, रत्नागिरीत काम करते. तिरफळ यांच्या म्हणण्यात एक गोष्ट अगदी बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसाला "बंद करा" सांगून नुकसान होतं. माझ्याकडे एक काकू आल्या होत्या. साखर निघाली म्हणून कुणीतरी सांगितलं, भात बंद. त्यांनी भात बंद केला, पण त्याच्या जागी दुसरं काही खाल्लंच नाही. चार महिन्यांत सहा किलो उतरल्या आणि न्हाणीघरात पडल्या. त्या वयात मला साखरेच्या आकड्याइतकीच वजन उतरण्याची भीती असते. म्हणून पहिला प्रश्न "काय टाळता" हा नको. दिवसभरात काय काय पोटात गेलं ते विचारायचं, आणि दर महिन्याला वजन लिहून ठेवायचं. शिधा वाटताना काटा सोबत न्या.

आता पेजेचं. पेज वाईट नाही. उकड्या तांदळाची पेज पचते, दात नसले तरी जाते, अंगात पाणीही जातं. म्हातारपणी तहान कमी लागते, आपल्याकडे घाम बेसुमार, त्यामुळे हे पाणी महत्त्वाचं. अडचण सोबतच्या वस्तूची आहे. लोणचं आणि खारा मासा म्हणजे नुसतं मीठ. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. खाऱ्या बांगड्याच्या एका मोठ्या तुकड्यात आणि दोन फोडी लोणच्यात त्यातला मोठा वाटा संपतो.

आणि प्रथिनं नाहीत. ५० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला निदान ४० ग्रॅम तरी हवीत, म्हातारपणी थोडी जास्तच. पेजेच्या दोन वाट्यांत ती चार-पाच ग्रॅमच्या वर जात नाहीत. म्हणून पेज राहू द्या, तिच्या शेजारी काय बसवायचं ते बघा.

बोटीवरचा
खाऱ्या माशावर बोलू द्या, आमचा धंदाच तो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आणि पुढे नारळी पौर्णिमेपर्यंत ताजा मासा गरिबाच्या घरात येत नाही. आला तर बर्फातला आणि महाग. म्हातारी खारं खाणार नाहीत तर काय खाणार? खारं बंद करा म्हणू नका. कुठलं खारं ते बघा. खारा बांगडा मिठात मुरवलेला असतो. जवळा (बारीक सुकी कोळंबी) आणि बोंबील बहुतेक वेळा नुसते उन्हात वाळवतात, मीठ लावत नाहीत. शिध्यात पाव किलो जवळा घाला, स्वस्तही पडेल. फक्त पुळणीवर वाळवलेला नको, वाळू लागते. मांडवावर नाहीतर जाळ्यावर वाळवलेला मागून घ्या. आणि बांगडा खायचाच तर अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून ते पाणी फेकायचं, मग दोनदा धुवायचा. आमची आई असंच करते. चव जाते म्हणणाऱ्याला ती म्हणते, मिठाची गेली, माशाची रवली.

पळीभर
बोटीवरचा, हे सोन्यासारखं लिहिलंत. जवळ्यात कॅल्शियमही चांगलं, सालासकट खातो ना आपण. मी हे आजच लिहून घेतलं.

दापोलीकर
नाचणी! अजून कुणी नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात १० च्या आसपास. २०२३ साल भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, आपल्याकडे मात्र डोंगरउतारावरची वरकस जमीन पडून आहे. माझ्या लहानपणी आमच्याकडे भाताइतकीच नाचणी व्हायची. शिध्यातला दोन किलो तांदूळ काढा आणि दोन किलो नाचणी घाला.

उकडा_तांदूळ
लावायची कुणी? रानडुकरं आणि वानर ठेवतात का काही? आमच्या वाडीत शेवटची नाचणी सहा वर्षांपूर्वी झाली. रात्रभर डबे वाजवून राखण करायला तरुण माणूस लागतो. म्हाताऱ्यांनी जमीन सोडली ती आळसाने नव्हे.

दापोलीकर
मान्य. वानरांचा त्रास आम्हालाही आहे, पपई आणि शेवग्याला पाला राहत नाही. पण विकत तर मिळते.

वेंगुर्लेकरीण
नाचणी द्या, पण पीठ करून द्या. आणि एका वेळी अर्धा किलोच. पावसाळ्यात पिठाला आठ दिवसांत जाळी लागते. अख्खी नाचणी दिलीत तर ती धुवायची, वाळवायची, गिरणीत न्यायची कुणी? आमच्या आत्येकडे अशी दानाची अख्खी नाचणी वर्षभर डब्यात पडून होती, शेवटी कोंबड्यांना घातली. भाकरी थापायला हातात जोर नसेल त्यांना आंबील शिकवायची गरज नाही, त्यांनाच ती आपल्याहून चांगली येते. फक्त पीठ हाताशी हवं.

चाकरमानी_दादर
थोडं अवांतर. आई देवगडजवळ एकटी असते. रेशनवर तिला दर महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून फुकट. पण त्या तांदळातले काही दाणे ती वेचून फेकते. म्हणते प्लास्टिकचे आहेत, पाण्यावर तरंगतात. शेजारच्या सगळ्याच बायका फेकतात. खरंच भेसळ असते का?

पळीभर
नाही हो, भेसळ नाही. ते पोषणमूल्य घातलेले दाणे आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकारात काढतात, आणि किलोभर तांदळात साधारण १० ग्रॅम मिसळतात. रंग आणि वजन थोडं वेगळं असतं म्हणून वेगळे दिसतात, काही तरंगतात. आईंना सांगा, वेचू नका, आणि तांदूळ चोळून चोळून सहा पाण्यांत धुऊ नका. शाकाहारी म्हाताऱ्यांत बी-१२ ची कमतरता खूप दिसते. साखरेची एक नेहमीची गोळी, मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षं घेतली तरी बी-१२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं हे सगळं "वय झालं" म्हणून सोडून देतात. एकदा तपासून घ्या.

खाडीपलीकडे, हा विषय तुमच्या शिकवण्यात पहिल्या दिवशी घ्या. सरकार फुकट देतंय आणि आपली माणसं वेचून टाकतायत, हे पाहवत नाही.

चाकरमानी_दादर
आत्ताच आईला फोन केला. म्हणाली, "मगे दुकानदारान तेवाच कित्याक नाय सांगलान?" तिला काय उत्तर देणार! खरंच कुणीतरी सांगायला हवं होतं.

माजघर
रेशनचा विषय निघालाच आहे तर एक लिहिते. माझ्या सासूबाईंचा अंगठा मशीनवर उमटत नाही. जन्मभर काजू फोडले, बोटांच्या रेषाच राहिल्या नाहीत. चार वेळा परत यावं लागलं. शिधा वाटणाऱ्यांनी प्रत्येक घरी एवढं नक्की विचारावं, रेशन खरंच घरी येतंय ना. कागदावर सगळ्यांना मिळत असतं.

न्यूजर्सीकर
मूळ गाव गुहागर. इथे अमेरिकेत मी ज्येष्ठांच्या जेवणघरात आठवड्यातून एकदा वाढायला जाते, म्हणून लिहिते. इथे १९६५ चा ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्ट आहे. १९७२ पासून त्यात साठीपुढच्यांसाठी जेवण आलं. केंद्रात एकत्र बसून जेवायचं, आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांना डबा. त्या एका जेवणातून दिवसाच्या गरजेचा निदान तिसरा हिस्सा मिळालाच पाहिजे असा नियम आहे. पैसे सक्तीचे नाहीत, ज्याला जमेल त्याने तिथल्या पेटीत टाकायचे. गरिबांच्या अन्नमदतीसोबत स्वयंपाक करून दाखवणारा सरकारी कार्यक्रमही इथे कित्येक वर्षं होता, त्याचा निधी २०२५ च्या कायद्याने बंद झाला.

मी तिथे जे पाहिलं ते असं. तक्ते कुणी वाचत नाही. एक बाई समोर शेगडी ठेवून कमी मिठाचं सूप करते, वाटीवाटी सगळ्यांना देते, आणि मग बोलते. तोंडात चव असताना सांगितलेलं लोक ऐकतात. आणि एकत्र बसल्यावर माणूस दोन घास जास्त खातो, हे दर आठवड्याला दिसतं.

तिरफळ
हे पटलं. आपल्याकडे भंडाऱ्याला बघा, घरी अर्धी भाकरी खाणारा माणूस पंक्तीत दुसऱ्यांदा भात मागतो.

उकडा_तांदूळ
पण रोजची पंगत कोण घालणार? तालुक्याला शिवभोजन आहे, १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. चांगली योजना. पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट, तीही चांगली. पण आमच्या वाडीतून एसटी सकाळी सातला जाते आणि दुपारी तीनला येते. एका थाळीसाठी गुडघेदुखीच्या माणसाने आठ तास बाहेर काढायचे का?

खाडीपलीकडे
रोज नाही जमणार, पण आठवड्यातून एकदा जमेल असं वाटायला लागलंय. देवळाच्या मागे भांडी आहेत, चूल आहे. बाकी सगळं वाचून ठेवतेय, लिहीत राहा.

वेंगुर्लेकरीण
मग कुळथाची पिठी करा, म्हणजे कुळथाच्या पिठाचं पातळ पिठलं! दात नसलेल्यालाही जाते, पेजेसोबत जाते, दहा मिनिटांत होते, कुकर लागत नाही. "एकट्यासाठी कुकर" या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर आपल्या आज्यांकडे नव्हतं.

पळीभर
अनुमोदन. १०० ग्रॅम कुळथात २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. आणि पिठीत सोलं, म्हणजे आमसुलं, घातली की आंबटपणामुळे मीठ कमी पडलेलं जाणवत नाही. इथे एक सावधगिरी सांगते. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरलंत तर त्यात आधीच भरपूर मीठ असतं, वरून घालू नका. सोलकढीलाही हेच.

बाजारात "कमी सोडियम" म्हणून मीठ मिळतं, ते मात्र म्हाताऱ्यांना आपल्या मनाने देऊ नका. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका. शहाळ्यालाही तेच लागू. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

उपासाबद्दलही बोला. सोमवार, एकादशी, चतुर्थी. साखरेची गोळी घ्यायची आणि दुपारपर्यंत काही खायचं नाही, मग घाम, थरथर, चक्कर. अशा दोन आजींना मी बेशुद्ध पाहिलंय. उपास सोडा म्हटलं तर ऐकणार नाहीत, आणि तसं म्हणायचा मला अधिकारही वाटत नाही. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवा, एवढं त्या ऐकतात.

बोटीवरचा
आणि हापूसचं काय? आमचे शेजारी आजोबा म्हणतात, आंबा बंद करणारा डॉक्टर मी बंद करतो.

पळीभर
आजोबांना सांगा डॉक्टर बदलू नका. जेवणावर रस वाटीभर घेण्याऐवजी दुपारी एक-दोन फोडी, आणि त्या दिवशी भात थोडा कमी. साखर फारच चढलेली असेल तर गोष्ट वेगळी. आंब्याच्या दिवसांत कोकणातल्या माणसाला आंबा पूर्ण तोडून मी कधीच सांगितलेला नाही.

दापोलीकर
शिध्याकडे परत येतो. साखर आणि बिस्किटं काढणार का? दिवाळीचा सरकारी शिधा आला होता त्यातही रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असंच होतं. सणाला ठीक, पण आपल्या महिन्याच्या पिशवीचा साचा तोच झालाय असं वाटतं.

माजघर
साखर एकदम काढू नका. घरी कुणी आलं तर चहा देता आला पाहिजे. ती म्हाताऱ्या माणसाची अब्रू असते. किलोची पाव किलो करा. बिस्किटांच्या जागी भाजलेले चणे, आणि दात नसतील त्यांना चण्याचं नाहीतर नाचणीचं सत्त्व.

तिरफळ
माजघर, "चहा देता आला पाहिजे" हे वाचून आजीच आठवली. +१.

खाडीपलीकडे
पाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल क्षमा असावी. पावसात ओढ्यावरचा साकव (छोटा पूल) वाहून गेला होता.

शिधा बदलला. तांदूळ ३ किलो, नाचणीचं पीठ अर्धा किलो दर पंधरवड्याला, कुळथाचं पीठ अर्धा किलो, तूरडाळीच्या जागी मूगडाळ, जवळा पाव किलो (आठ घरं शाकाहारी, त्यांना शेंगदाणे), साखर पाव किलो, चहापूड, तेल अर्धा लिटर. बिस्किटांचे दोन पुडे ठेवले, सगळे काढायला मन झालं नाही. एका देणगीदाराने विचारलं, साखर का परत केली. त्यांना हा धागा वाचून दाखवला, तर त्यांनी पुढच्या महिन्याचे कुळीथ दिले.

शिकवण्याचं असं केलं. "माका जेवूक शिकवतस" म्हणणाऱ्या त्या आजीकडेच गेले. म्हटलं, आजी, आमच्या गटातल्या पोरींना कुळीथ भाजून पीठ करता येत नाही, जळतात. तुम्ही येऊन दाखवाल का? त्या पहाटेच हजर. दोन पोरींना ओरडल्या, आच कमी करायला लावली, भरडून साल पाखडून घेतलं, मगच गिरणीला पाठवलं. तेच पीठ ३४ घरांत गेलं.

पहिल्या बुधवारी देवळामागे १९ जण आले. पेज, पिठी, टाकळ्याची भाजी. मीठ मोजून घातलं, चमचा सगळ्यांना दाखवला. तीन जण म्हणाले अळणी आहे. आजी म्हणाल्या, "सोला चोखून खा, मगे सांग." दुसऱ्या बुधवारी २३, तिसऱ्याला पाऊस फार होता तरी १६. पोषणमूल्याचे तांदूळ पाण्यात घालून सगळ्यांसमोर दाखवले, शिजवून बोटाने चिरडून दाखवले. आता वेचत नाहीत असं म्हणतात, घरोघर जाऊन बघायचंय.

सगळं जमलंय असं नाही. चार जण येतच नाहीत. एक आजोबा डबा नेऊन दिला तरी कुत्र्याला घालतात, त्यांचं जेवणावरून मनच उडालंय, बायको गेल्यापासून. त्यांच्याकडे मी रोज संध्याकाळी पाच मिनिटं बसते. काय करावं कळत नाही.

पळीभर
त्या आजोबांचं वजन आणि मन दोन्ही डॉक्टरांना दाखवा, लांबवू नका. एकटेपणातून असं होतं आणि त्यावर उपचार असतात. आणि बुधवारी डबा त्यांच्याकडे घेऊन जाल तेव्हा तुमचंही ताट तिथेच न्या.

खाडीपलीकडे
नेते.

बोटीवरचा
१ ऑगस्टला बोटी सुटतील. पहिल्या जाळ्यातले बारके बांगडे तुमच्या बुधवारला पाठवतो, मीठ न लावलेले. माणसं किती ते मंगळवारी कळवा.

चाकरमानी_दादर
आईला पिठी करायची आहे, पण तिच्या हातून गुठळ्या होतात म्हणते. आधी जमायची, आता हात थरथरतो.

वेंगुर्लेकरीण
पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायला सांगा, पातळ ताकासारखं. मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळायचं. हात थरथरत असेल तर गॅस बंद करून ओतायचं, मग परत पेटवायचा. लसूण ठेचून चार पाकळ्या, सोलं दोन.